ग्रिप-२ चेकलिस्ट: पाच मुद्दे, आणि ते भरायची वेळ

सामाजिक सेवा घेणाऱ्यांना संशोधनात भागीदार, म्हणजे सहसंशोधक केलं, तर अहवालात ते कसं नोंदवायचं? त्यासाठी ग्रिप-२ (GRIPP2; पूर्ण नावाचा अर्थ, रुग्ण आणि जनतेच्या सहभागाची नोंद करण्यासाठी मार्गदर्शन) ही चेकलिस्ट २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. ती मोफत मिळते. तिचे दोन नमुने (फॉर्म) आहेत. मोठ्या नमुन्यात ३४ मुद्दे आहेत. लहान नमुन्यात पाचच: उद्देश, पद्धत, परिणाम, चर्चा-निष्कर्ष आणि आत्मपरीक्षण. सहभाग हाच अभ्यासाचा विषय असेल तर मोठा घ्यावा, नाहीतर लहान पुरतो.

खरी अडचण वेळेची. हा नमुना बहुधा अहवाल लिहायला बसल्यावर उघडतात. तोवर कोणती सूचना कुणी केली, कशामुळे काय बदललं, हे कुणाला आठवत नाही. मग 'परिणाम' या मुद्द्याखाली 'चार बैठका झाल्या, सूचना मोलाच्या होत्या' एवढंच उरतं. यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. नोंद अशी हवी: 'प्रश्न ७ आधी होता, तुम्ही स्वतःची काळजी घेऊ शकता का? सहसंशोधकांनी तो परीक्षा घेतल्यासारखा वाटतो म्हणून बदलायला लावला. आता आहे, आंघोळीला मदत लागते तेव्हा ती वेळेवर येते का?' म्हणून पहिल्याच बैठकीपासून पाचही मुद्द्यांची एक वही ठेवा आणि बैठक संपल्यावर तिथेच भरा. न मानलेल्या सूचनाही कारणासकट लिहा. त्या गाळल्या की भागीदारी नावापुरती होती की खरी, हे तपासायला काही हाती राहत नाही.

सगळ्यात मोलाचा मुद्दा पाचवा. काय जमलं आणि काय जमलं नाही हे त्यात विचारलंय, आणि नेमका तोच दोन ओळींत उरकला जातो. तो सहसंशोधकांनीच लिहावा, निदान मसुदा त्यांना दाखवल्याशिवाय पाठवू नये.

उणिवा दोन. नावातच 'रुग्ण' आहे, आणि घरी मदतनीस येणारी व्यक्ती स्वतःला रुग्ण म्हणवून घेत नाही. नमुना हाती देताना हे आधीच बोलून घ्यावं. दुसरी जास्त टोचते: लहान नमुन्यात मानधनाचा वेगळा मुद्दा नाही. तासाचे किती, प्रवासखर्च लगेच दिला की महिन्यांनी, मानधनामुळे कुणाचा सरकारी भत्ता कापला जाण्याची भीती होती का, हे 'पद्धत' या मुद्द्याखाली स्वतःहून लिहावं लागतं. भत्त्याचा प्रश्न तर पहिलं मानधन देण्याआधीच सोडवायला हवा.