हजार मोकळ्या जागा: मेडिकलच्या अर्जासाठी घेतलेल्या लेखन-सॉफ्टवेअरचा आठ महिन्यांचा अनुभव

मुलीच्या अमेरिकेतील मेडिकल प्रवेशाच्या अर्जासाठी आम्ही फेब्रुवारीत एका लेखन-तपासणी सॉफ्टवेअरची वर्गणी भरली. महिन्याचे २४ डॉलर, वर्षाचे १३२. सहा महिने तरी ते लागणारच होते, तेव्हा वर्षाचे घेणे स्वस्त पडेल, असा माझा हिशेब होता. पैसे माझे, वापर मुलीचा आणि मनस्ताप दोघांचा. चुकांखाली लाल रेष येते वगैरे सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींत मी शिरत नाही.

माझी मुख्य तक्रार खालच्या कोपऱ्यातील एका आकड्याची आहे. अ‍ॅमकॅसच्या (अमेरिकेतील मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जाच्या) पर्सनल स्टेटमेंटची, म्हणजे मुख्य निबंधाची, मर्यादा ५,३०० अक्षरांची असते आणि त्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागाही धरल्या जातात, हे या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. या सॉफ्टवेअरचा आकडा मात्र मोकळ्या जागा वगळून येतो आणि तसे तेथे कोठेही लिहिलेले नाही. आम्ही तीन महिने त्या आकड्यावर डोळा ठेवून निबंध घासत होतो. मेच्या अखेरीस अर्ज सादर करण्याची मुभा सुरू झाली, त्या दिवशी कोपऱ्यात ५,२६० दिसत असलेला मजकूर मुलीने अर्जाच्या चौकटीत टाकला आणि तो ९९० अक्षरांनी जास्त भरला. शब्द सुमारे हजार, म्हणजे मोकळ्या जागाही सुमारे हजार; तीस वर्षे लोकांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला एवढे साधे गणित आधी सुचू नये, याची मला लाज वाटते, पण वर्गणी घेणाऱ्याला ती अधिक वाटायला हवी.

अर्ज त्या दिवशी गेला नाही, नऊ दिवसांनी गेला. अर्ज पोहोचल्यावर त्यातील एकेक विषय आणि त्याची श्रेणी ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकाशी, ताडून पाहिली जाते, जूनमध्ये ही रांग कित्येक आठवड्यांची होते आणि पुष्कळ कॉलेजे अर्ज येतील तसतसे मुलाखतीला बोलावू लागतात. त्यामुळे नऊ दिवस ही किरकोळ गोष्ट नव्हती. घाईने तसाच पाठवून मग सुधारू, असेही करता येत नाही, कारण एकदा सादर केलेल्या निबंधातील स्वल्पविरामही बदलता येत नाही.

शिल्लक ९९० अक्षरे कापण्यासाठी मुलीने ‘संक्षिप्त करा’ हे बटण वापरून पाहिले. मरणासन्न रुग्णांच्या सेवाकेंद्रात ती स्वयंसेवक होती. तेथील एक आजोबा त्यांची बायको भेटीला येण्याआधी रोज मुलीकडून श्रवणयंत्र कानात बसवून घेत, असे एक वाक्य निबंधात होते. यंत्राने त्याच्या जागी ‘रुग्णांच्या भावनिक गरजा समजून घेतल्या’ असे सुचवले आणि पुढे हिरवी खूण केली. अक्षरे वाचली, आजोबा गेले. शिवाय सूचना, मुद्रितशोधन वा संपादन यांसाठी माणसांची किंवा एआय साधनांची मदत घेतली तरी अंतिम लेखन स्वतःचेच आहे, असे अर्जदाराला अ‍ॅमकॅसमध्ये प्रमाणित करावे लागते; अशा हिरव्या खुणा स्वीकारत गेल्यावर ती सही कोणत्या तोंडाने करायची? तिने ते बटण सोडले आणि हाताने कापायला बसली. संशोधनावरचा सबंध परिच्छेद गेला. तो अर्जातील अनुभवांच्या यादीत, ७०० अक्षरांच्या नोंदीत, आधीच आलेला होता, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आले नव्हते. निबंध त्याने सुधारला, हे कबूल करतो, पण त्याचे श्रेय मी त्या कोपऱ्यातील आकड्याला देणार नाही.

जूनच्या शेवटी मी या सॉफ्टवेअरला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. जुलैत सेकंडरी निबंध, म्हणजे मुख्य अर्जानंतर एकेक कॉलेज स्वतंत्रपणे मागते ते निबंध, सुरू झाले आणि माझे मत थोडे बदलले. प्रत्येक कॉलेजचे प्रश्न वेगळे, मर्यादा कोठे शब्दांत तर कोठे अक्षरांत, आणि ‘आमचेच कॉलेज का’ हा प्रश्न जवळपास सर्वत्र. या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची एक सोय आहे, जिला मी खेळणे समजत होतो. एके रात्री मी स्वयंपाकघरात होतो आणि मुलगी तयार झालेला निबंध त्या सपाट, भावनाशून्य आवाजात ऐकत होती. चौथ्या वाक्यात भलत्याच विद्यापीठाचे नाव उच्चारले गेले. आदल्या दिवशीच्या निबंधातून परिच्छेद उचलताना ते तसेच राहिले होते. स्पेलिंग अचूक असल्यामुळे लाल रेष आली नव्हती, आणि आम्ही दोघांनी तो निबंध दोन-दोनदा वाचून तो बिनचूक ठरवला होता. त्यानंतर एकही निबंध ऐकल्याशिवाय गेला नाही. एक तारा मी तीनवर नेला. असा आवाज संगणकात फुकटही मिळतो, असे मुलीने नंतर सांगितले, तेव्हा तो अडीचवर आणला.

मोजणीविषयी मी कंपनीला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याला उत्तर आले की मोकळ्या जागा धरण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये ‘प्रगत’ या सदराखाली आहे आणि तो मुळात बंद ठेवलेला असतो. मी दोन महिन्यांचे पैसे परत मागितले. त्यांनी पुढील वर्षाच्या वर्गणीत १५ टक्के सवलत देऊ केली. मुलीला या वर्षी प्रवेश मिळाला नाही, तरच ती सवलत आम्हाला वापरता येईल, हे मी त्यांना चौथ्या पत्रात कळवले आहे.