टाइम ट्रॅव्हलवाली लव्हस्टोरी वाचायचीय? आधी घड्याळ बघा, मग पुस्तक उचला

टाइम ट्रॅव्हल आणि रोमान्स एकत्र असलेलं काहीतरी सुचव म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात, 'आउटलँडर', 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' आणि जरा उशिराने स्टीफन किंगचं '११/२२/६३'. तिन्ही जाडजूड, तिन्हींचे कट्टर फॅन आहेत, आणि तरी एक आवडलं म्हणून दुसरं आवडेलच याची काही गॅरंटी नाही. हीरो कसा आहे, काळ कुठला आहे, पानं किती, हे सगळं नंतर बघा. मी आधी एकच गोष्ट बघते, की माणूस दुसऱ्या काळात गेलेला असताना इकडे मागे राहिलेल्यांचं घड्याळ काय करतं? कारण या गोष्टीत कोण किती होरपळणार ते तिथेच ठरतं, बाकी दगड, कपाट, मशीन हा सगळा डेकोरेशनचा भाग.

'आउटलँडर' घ्या. डायना गॅबल्डनचं, १९९१ चं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, युद्धात नर्स म्हणून काम केलेली क्लेअर नवरा फ्रँकबरोबर स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर आलीय, इन्व्हर्नेसजवळच्या उभ्या दगडांच्या रिंगणात जाते आणि थेट १७४३ मध्ये पडते. इथे दोन्हीकडची घड्याळं बरोबरीने चालतात, म्हणजे तिचे तिकडे सहा महिने गेले तर इकडे फ्रँकचेही सहा महिने गेले, तेही बायको कुठे गायब झाली या काळजीत. केवढा मोठा पेच आहे हा! पण खरं सांगू का, लेखिकेला तो फार वेळ छळत नाही. तिकडचा तरुण स्कॉटिश लढवय्या जेमी फ्रेझर आला की फ्रँक सोयीस्करपणे मागच्या सीटवर जातो, आणि टाइम ट्रॅव्हल म्हणजे फक्त आत शिरायचं दार उरतं. त्यानंतर आहे ते ऐतिहासिक साहस, घोडे, किल्ले, गटांचं राजकारण, जडीबुटी, आणि १७४६ ला कलोडनच्या लढाईत या स्कॉटिश लोकांचा धुव्वा उडणार आहे हे क्लेअरला आधीच माहीत असण्याचं टेन्शन. ते टेन्शन मात्र झकास जमलंय.

दोन गोष्टी आधीच सांगते. एक, लैंगिक हिंसा आणि छळ भरपूर आहे, शेवटाकडे तर अंगावर येतो. आणि तिकडचा नवरा, म्हणजे जेमी, क्लेअरला पट्ट्याने मारतो असा एक प्रसंग आहे, ज्यावर फॅन लोक 'त्या काळी असंच चालायचं' म्हणतात, ते खरं असेलही, पण ती बाई त्या काळची नाहीये ना, आणि पुस्तक तिला ज्या वेगाने माफ करायला लावतं ते मला पटत नाही. दुसरं म्हणजे ही मालिका आहे, २०२१ पर्यंत नऊ भाग आलेत. पहिला भाग वाचून थांबता येतं, पण थांबणारे कमीच.

ऑड्री निफेनेगरचं 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' (२००३) याच्या बरोब्बर उलट. इथे टाइम ट्रॅव्हल हा आजार आहे, जनुकीय, हीरो हेन्रीच्या हातात काहीच नाही. तो अचानक गायब होतो आणि अंगावर एकही कपडा नसताना दुसऱ्या कुठल्यातरी तारखेला जाऊन पडतो, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिलं काम म्हणजे कुणाची तरी पँट चोरणं, कुलूप उघडणं आणि पळणं. रोमँटिक हीरोला इतकं लाचार करणं हेच मला आवडलं. आणि घड्याळ? ते सगळं त्याची बायको क्लेअरच्या गळ्यात. (हो, हिचंही नाव क्लेअर, गोंधळ होतो.) तो परत येईपर्यंत ती थांबलेली, तो कधी येणार माहीत नाही, कुठल्या अवस्थेत येणार माहीत नाही. लहानपणी तर तिच्याकडे तो येणार असलेल्या १५२ तारखांची यादी असते, मुलगी त्या यादीवर मोठी होते, आणि यादी संपल्यावर दोन वर्षांहून जास्त काळ नुसती पोकळी.

वाचताना प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि दोघांची वयं छापलेली असतात. हेन्री ३६, क्लेअर ६. मग शिकागोच्या लायब्ररीत १९९१ ला हेन्री २८, क्लेअर २०, आणि इथे तो तिला ओळखतच नाही! ती त्याला चौदा वर्षं ओळखतेय आणि तो मख्खासारखा बघतोय. तो सीन माझ्यासाठी या अख्ख्या प्रकारातला सगळ्यात भारी सीन आहे, कारण त्यात काहीच घडत नाही आणि सगळं कळतं. पण हे पुस्तक कुणासाठी नाही तेही सांगते. यात जे झालं ते झालं, काहीही बदलता येत नाही, त्यामुळे 'शेवटी काहीतरी मार्ग निघेल' या आशेवर वाचणार असाल तर सोडून द्या. आणि मोठा माणूस एका लहान मुलीला भेटतोय जी पुढे त्याची बायको होणार हे त्याला माहितीये, हे ज्यांना खटकतं त्यांचं मी ऐकते, कारण त्या पोरीला स्वतः निवडायची संधी मिळालीच कुठे? पुस्तक हा प्रश्न उचलतं आणि हळूच खाली ठेवून देतं.

किंगचं '११/२२/६३' (२०११) रोमान्स म्हणून कुणी विकत नाही, तीच गंमत आहे. अल नावाच्या माणसाच्या हॉटेलाच्या मागच्या कोठीतून तुम्ही दर वेळी एकाच दिवशी पोचता, ९ सप्टेंबर १९५८. तिकडे कितीही राहा, परत आलात की इकडे फक्त दोन मिनिटं गेलेली. अलचा बर्गर इतका स्वस्त का, तर तो बीफ १९५८ च्या भावाने आणतो, तेच तेच, पुन्हा पुन्हा. आणि मग एके दिवशी, काल धडधाकट दिसलेला अल आज कित्येक वर्षांनी म्हातारा आणि कॅन्सरने खंगलेला दिसतो. बास, नियम कळला. मागे कुणी वाट बघत नाही, किंमत फक्त जाणाऱ्याच्या शरीरातून वसूल होते.

जेक एपिंग हा शाळामास्तर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची १९६३ मधली हत्या थांबवायला जातो, आणि ५८ पासून ६३ पर्यंत थांबायचं तर त्याला तिथे जगावंच लागतं, नोकरी, भाडं, ओळखीपाळखी. त्या थांबण्यात टेक्सासच्या एका छोट्या गावात सेडी भेटते, शाळेची लायब्रेरियन. घाईच नाहीये कसली, म्हणून हे प्रेम खरं वाटतं. तो एकदा नकळत अजून आलेलंच नाही असं गाणं गुणगुणतो आणि ती पकडते, तिथून जे अंतर पडतं ना, ते कुठल्याही व्हिलनपेक्षा जास्त दुखतं. मायनस पॉइंट, केनेडींचा मारेकरी ओस्वाल्ड याच्यावर पाळत ठेवायची पानं. संपता संपत नाहीत, बिनधास्त चाळा.

'जुना काळ किती रोमँटिक' असं वाटत असेल तर या तिघांच्या मध्ये कुठेतरी ऑक्टेव्हिया बटलरचं 'किन्ड्रेड' (१९७९) घुसवा. १९७६ मधली कृष्णवर्णीय लेखिका डेना गुलामगिरीच्या मेरीलँडमध्ये खेचली जाते, तिकडे महिने जातात आणि इकडे गोऱ्या नवऱ्यासाठी त्या मानाने फारच थोडा वेळ. लव्हस्टोरी नाहीये, पण एका चांगल्या लग्नावर काळाने काय घाव बसतो ते यात दिसतं, आणि नंतर 'आउटलँडर' पूर्वीसारखं वाचता येत नाही.

जाड पुस्तक नकोच असेल तर 'धिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर' (२०१९), दोन शत्रू एजंट एकमेकींना पत्रं लिहितात, भाषा फार सजवलेली, दहा पानांत आवडलं नाही तर पुढेही आवडणार नाही. कावागुचीचं 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' गोड आहे, पण नियम सतत रिपीट करतं.

मग घ्यायचं कुठलं? रोमान्स सहसा वाचत नसाल तर किंग, डोळे झाकून. कोडं सोडवत रडायची तयारी असेल तर निफेनेगर. आणि लांबलचक सुट्टी आहे, बुडून जायचंय, हिंसा झेपते, तर गॅबल्डन. फक्त किंगच्या बाबतीत २०१६ ची सिरीज आधी बघू नका, त्यात जेक १९५८ ऐवजी १९६० मध्ये पोचतो, म्हणजे थांबायची दोन वर्षं कापली, आणि सेडीची गोष्ट तर त्या थांबण्यावरच उभी आहे.