कष्टाची भाकर, पुणे : वडिलांच्या ताटाशेजारी

माझे वडील भवानी पेठेतल्या भुसार बाजारात हमाल होते. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. दुपारी भूक लागली की ते ‘कष्टाची भाकर’ या हॉटेलात जायचे. परवा खूप वर्षांनी मी मुलीला तिथे घेऊन गेले.

भाकरी गरम होती. झुणक्यात कांदा भरपूर, तिखट बेताचं, बाहेरच्या हॉटेलात असतो तसा तेलाचा तवंग नाही. मुलीने दुसरी भाकरी मागून घेतली. दोघींचं पोटभर जेवण झालं आणि बिल बघून मी पुन्हा हिशेब केला, इतकं ते कमी होतं.

हे हॉटेल कुणा शेठचं नाही. हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने तिचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर ते सुरू केलं. गावातला पाणवठा सगळ्या जातींना खुला करण्याची ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळही आढावांचीच. ज्या काळात गावोगावी विहिरीवर जात विचारली जायची, त्या काळात इथे हमाल, रिक्षावाले, विद्यार्थी एका बाकावर जेवत होते. वडील म्हणायचे, “इथं कुणी आडनाव इचारत नाय.”

परवा माझ्या समोर डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक काका बसले होते. त्यांनी न विचारता कांद्याची फोड मुलीच्या ताटात ठेवली.

दुपारच्या वेळी, भूक ठेवून जा. झुणका-भाकरच मागवा.