बेथोव्हेनचा चौथा की राखमानिनोव्हचा दुसरा? कंडक्टर पाहुणा असेल तेव्हा तिकीट कशाचं काढावं

समजा, हंगामात दोन संध्याकाळी समोर आहेत. एकीला बेथोव्हेनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो आहे, दुसरीला राखमानिनोव्हचा दुसरा. (कॉन्चेर्टो म्हणजे एकटा वादक आणि अख्खा वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना; या दोन्ही तीन भागांच्या.) दोन्हीकडे नावाजलेला पियानोवादक, दोन्हीकडे पाहुणा कंडक्टर, आणि जमणार आहे एकच संध्याकाळ. लांबीत दोन्ही कॉन्चेर्टो जवळपास सारखे, अर्ध्या तासाहून थोडे जास्त. पियानोवादक तोलामोलाचे असतील तर मी आधी कंडक्टरचा विचार करते. तो पाहुणा असला की या दोन रचना अगदी वेगवेगळ्या जागी अवघड होतात.

कायमचा कंडक्टर आपल्या वादकांना वर्षानुवर्षं ओळखतो. पाहुणा कार्यक्रमाच्या काही दिवस आधी येतो. तालमीचा बराचसा वेळ उत्तरार्धातल्या सिंफनीला, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेला, जातो. कॉन्चेर्टोच्या वाट्याला बहुतेकदा पियानोवादकासह एखादी तालीम आणि शेवटची रंगीत तालीम येते. त्याआधी दोघं एका खोलीत पियानोपाशी बसतात आणि लय किती ठेवायची, कुठे थांबायचं, कुठे धावायचं हे ठरवतात. नेहमी जमतंच असं नाही. ६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्राम्सच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोआधी कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन श्रोत्यांसमोर उभे राहिले आणि पियानोवादक ग्लेन गूल्डनं धरलेली संथ लय आपल्याला पटलेली नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. मग त्याच लयीत कार्यक्रम पारही पाडला. पण बर्नस्टाइन तिथे घरचे, म्हणजे त्या वाद्यवृंदाचे कायमचे कंडक्टर होते.

राखमानिनोव्ह पहिल्या मिनिटातच आपलंसं करतो. सुरुवात एकट्या पियानोची: घंटेच्या टोलांसारखे जड कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर), अगदी हळू आवाजात सुरू होऊन चढत जाणारे, आणि प्रत्येक कॉर्डनंतर तळाशी खर्जाचा स्वर. हे कॉर्ड एका पंजात धरायला हात मोठा लागतो. राखमानिनोव्हचा तसा होता. ज्यांचा पंजा पुरत नाही ते कॉर्डचे स्वर खालून वर असे ओळीनं वाजवतात. तसं ऐकू आलं तर तो दोष समजू नका.

त्यानंतर मुख्य धून येते, पण ती पियानोला मिळत नाही. व्हायोलिन, व्हिओला आणि क्लॅरिनेट ती गातात आणि पियानोवादक खाली स्वरांच्या लाटा उठवत साथ करतो. पाहुण्याची खरी कसोटी इथे आहे. तंतुवाद्यांना भरभरून गाऊ द्यायचं, तरी पियानो बुडू द्यायचा नाही. कंडक्टर जिथे उभा असतो तिथून सभागृहात काय पोचतंय ते नीट कळत नाही. शिवाय रिकाम्या सभागृहात बसवलेला तोल माणसं भरल्यावर बदलतो. ते सभागृह पाहुण्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. मी असे कार्यक्रम ऐकलेत की पियानोवादकाची बोटं धावताना दिसली आणि ऐकू आली ती फक्त व्हायोलिनं. फार वाईट वाटतं तेव्हा.

तरी ही रचना तगते. धुनाच अशा आहेत की तोल थोडा ढळला तरी माणूस भारावून बाहेर पडतो. संथ दुसऱ्या भागात पियानोच्या हलक्या तरंगांवर आधी बासरी, मग क्लॅरिनेट गाते. ते सौंदर्य बरंचसं घरच्या त्या दोन वादकांच्या हाती आहे, पाहुणा कोणीही असो. १८९७ मध्ये पहिली सिंफनी सपशेल पडल्यावर राखमानिनोव्हची लेखणी अडली होती. डॉ. निकोलाय दाल यांच्या उपचारांनंतर ती पुन्हा चालू लागली आणि हा कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण झाला. १९०१ मध्ये मॉस्कोत तो पूर्ण सादर झाला तेव्हा पियानोवर स्वतः राखमानिनोव्ह होता, आणि कंडक्टर म्हणून त्याचा नात्यातला भाऊ व एके काळचा शिक्षक अलेक्झांडर सिलोटी.

बेथोव्हेनच्या चौथ्यात लपायला जागा नाही.

इथेही पियानो एकटा सुरुवात करतो, पण किती वेगळी! पाचच बारांचा (तालाच्या आवर्तनांचा) एक मऊ, जणू स्वतःशीच बोललेला विचार. मग तंतुवाद्यं तितक्याच हळू आवाजात उत्तर देतात, मात्र सूर अनपेक्षित: पियानो जी मेजर या स्वरपट्टीत बोलला, उत्तर येतं बी मेजरमध्ये. पियानोवादकानं ज्या पोताचा आवाज लावला त्याच पोतात वाद्यवृंदानं यायला हवं. ते जमलं तर अंगावर काटा येतो, नाही जमलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच दोघांत दरी दिसते. पुढे जवळजवळ तीन मिनिटं पियानोवादक हात मांडीवर ठेवून बसतो. कंडक्टर कसा आहे हे समजून घ्यायला ही तीन मिनिटं पुरतात.

दुसऱ्या भागासाठी तर मी कितीही लांब जाईन. जेमतेम पाच मिनिटांचा संवाद आहे तो. तंतुवाद्यं सगळी एका सुरात, कडक, तोडून बोलणारी. पियानो विनवणीच्या स्वरात. फुंकवाद्यं नाहीत, ड्रम नाहीत. हळूहळू तंतुवाद्यांचा ताठा उतरत जातो आणि शेवटी ती फक्त कुजबुजतात. यातल्या थांब्यांची लांबी कुठे लिहून ठेवता येत नाही. ती दोन माणसांनी एकमेकांचा श्वास ऐकून ठरवायची असते, आणि चार दिवसांची ओळख असलेल्या दोघांना ते साधलं तर त्याहून मोठा आनंद मला सभागृहात मिळालेला नाही. तो भाग संपताच टाळ्या वाजवू नका, शेवटचा भाग लगेच सुरू होतो.

पहिल्या भागात कडेन्झाही आहे, म्हणजे वाद्यवृंद थांबतो आणि पियानोवादक एकटा रमतो. तिथून वाद्यवृंदाला समेवर अलगद आत घेणं हे कंडक्टरचं काम. राखमानिनोव्हच्या पहिल्या भागात असा मोठा कडेन्झा नाही.

अपुऱ्या तालमींचा या रचनेशी जन्मापासूनचा संबंध आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात, कडाक्याच्या थंडीत चाललेल्या चार तासांच्या कार्यक्रमात बेथोव्हेननं ती पहिल्यांदा जाहीरपणे वाजवली. पाचवी आणि सहावी सिंफनीही त्याच रात्री पहिल्यांदा ऐकवली गेली. वाद्यवृंदाची तयारी इतकी कच्ची होती की शेवटची रचना मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावी लागली.

तर निवड कशी करायची? वाद्यवृंदाचा कार्यक्रम आयुष्यात पहिल्यांदाच ऐकणार असाल, किंवा सोबत कोणाला पहिल्यांदा नेणार असाल, तर राखमानिनोव्ह. जागा बाल्कनीत घ्या. पियानोचं झाकण श्रोत्यांच्या दिशेनं उघडतं आणि आवाज तिकडेच फेकतं, त्यामुळे वाद्यवृंदाच्या मागच्या खुर्च्या इथे नकोत. पियानो आणखीच बुडेल. उत्तरार्धात तशीच भरगच्च, लांबलचक सिंफनी असेल तर मात्र थोडा विचार करा, कान थकतात.

थोडंफार ऐकलेलं असेल आणि पाहुणा कंडक्टर याआधी त्याच वाद्यवृंदाकडे येऊन गेलेला असेल, किंवा त्याच पियानोवादकाबरोबर त्यानं काम केलेलं असेल, तर डोळे मिटून बेथोव्हेन. कार्यक्रमपत्रिकेतल्या परिचयात हे सहसा लिहिलेलं असतं. मी स्वतः दोघं अनोळखी असले तरी बेथोव्हेनच घेईन, मधल्या त्या पाच मिनिटांसाठी. जागा डावीकडची, पुढून पाच-सहा रांगा सोडून. तिथून पियानोवादकाचे हात दिसतात आणि उत्तर देण्याआधी तो कंडक्टरकडे किती वेळ पाहतो, तेही.