किकबॅक घ्यायचा नाही, किक बॅक करायचं : इंग्लिश ॲपचा रिव्ह्यू

मी पर्चेसमध्ये आहे, त्यामुळे किकबॅक, म्हणजे काम दिल्याच्या बदल्यात गुपचूप परत मिळणारा वाटा, हा शब्द मला काही नवा नाही, दर एप्रिलला ‘वेंडरकडून किकबॅक घेतलेला नाही’ अशा कागदावर सही करतो. तर मागे एका शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा मेल आला की ऑर्डर क्लोज झाली, मस्त काम केलंत, आता वीकेंडला किक बॅक करा. पोटात गोळाच आला राव! बायकोला दाखवला तर ती हसत सुटली, म्हणाली अहो आराम करा म्हणतोय तो, आणि तिनेच हे शब्दसंग्रहाचं ॲप घ्यायला लावलं. तीन महिन्यांचे ४९९ रुपये. नाव देत नाही कारण पुढे थोडं बोलणार आहे.

आधी चांगलं सांगतो. ऑडिओ झकास आहे. नाम असेल तर जोर ‘किक’वर आणि सगळा शब्द एका दमात, क्रियापद असेल तर ‘किक’ आणि ‘बॅक’ सुटे आणि ‘बॅक’ला नीट जोर, हा फरक इतकी वर्षं मला कुणी सांगितलाच नव्हता. आपला आवाज रेकॉर्ड करून शेजारी लावून ऐकता येतो. आरामाचे शब्दही छान घेतलेत, ‘पुट युअर फीट अप’ म्हणजे निवांत पाय वर घेऊन बसायचं, ‘अनवाइंड’ म्हणजे गुंडाळलेलं सैल सोडायचं, दिवसभराचा ताण उतरवायचा. यातलं कुठलंच म्हणजे आपलं रविवारी मटण हाणून ताणून देणं नव्हे हां, तो वेगळा विषय.

आता तक्रार. मराठी अर्थ ज्याने भरलेत त्याला बहुतेक एकच शब्द येतो, लाच. बॅकहँडर? लाच. स्वीटनर? लाच. हश मनी? लाच. अरे, चिरीमिरी, हप्ता, चहापाणी, टेबलाखालून, तोडपाणी, टक्केवारी एवढी श्रीमंत भाषा आपली आणि तुम्ही एकाच शब्दावर भागवता! किकबॅकला ‘टक्केवारी’ लिहिलं असतं तर गावातलं पोरगंही समजलं असतं, कारण त्यात पैसा उलटा येतो, बिल पास झालं की ज्याने काम दिलं त्याचा वाटा गुपचूप त्याच्याकडे परत. अमेरिकेत १९३४ साली कोपलँड नावाचा किकबॅकविरोधी कायदा झाला तो तर मजुरांसाठी होता, सरकारी बांधकामावरचे कंत्राटदार हातात पगार ठेवायचे आणि त्यातलाच काही भाग परत काढून घ्यायचे. आता याला लाच म्हणणार का तुम्ही?

बॅकहँडर हा मुख्यतः ब्रिटिश शब्द, तेही कुठे लिहिलेलं नाही. ‘बक्षीश’ तर धड्यात नाहीच, खरं तर मजा तिथे होती, फारसीतून आलेला तोच शब्द आपल्याकडे शाळेतलं बक्षीस आणि बक्षीसपत्र होऊन सोज्वळ राहिला आणि इंग्रजीत मात्र टिप आणि लाच दोन्हीकडे वापरतात.

आणि क्विझमध्ये नियम ठोकलाय की नाम म्हणजे पैसे, क्रियापद म्हणजे आराम. चूक! दहा टक्के किक बॅक केले असं क्रियापदही पैशासाठी चालतं, आणि अमेरिकेतली तरुण पोरं घरातल्या छोट्या पार्टीला किकबॅक म्हणतात, नाम असून आराम. माझे दोन मार्क यातच गेले. मेल टाकला तर ‘फीडबॅकबद्दल धन्यवाद’, बास.

५ पैकी ३ स्टार. ऑडिओसाठी घ्यायचं तर घ्या, मराठी अर्थ वाचू नका. त्या क्लायंटला सोमवारी ‘येस, आय किक्ड बॅक’ असं लिहिणार होतो, लिहिलंही, मग पाठवायच्या आधी खोडून ‘रिलॅक्स्ड’ केलं. उगाच ऑडिटवाल्यांनी वाचला तर?