सदाशिव पेठेतलं ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवालं दुकान: काम भारी, बाकी पुणेरी

पालखीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून भिंतीवर लावायचे होते. नेहमीच्या लॅबमधले प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट आणि गॅलरीत उन्हात नेले की जांभळट दिसायचे, कारण राखाडी छटा रंगीत शाया मिसळूनच बनवलेली. इथे एपसनचा पी७०० प्रिंटर आहे, त्यात काळ्याबरोबर ग्रे आणि लाइट ग्रे अशा वेगळ्या शाया असतात, वर दुकानाचे काका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधला (ड्रायव्हर) ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड लावतात म्हणजे रंगीत शाई अगदी नावाला लागते. फरक लगेच कळतो हो! वारकऱ्याच्या पांढऱ्या फेट्याची घडीन् घडी सुटी दिसते आणि मागच्या अंधारातली छत्रीची काडीपण शाबूत.

कागद मात्र विचार करून घ्या. कॉटनच्या मॅट कागदाचा पोत एक नंबर, पण काळा रंग ग्लॉसीइतका खोल जात नाही, रात्रीचे फोटो असतील तर सरळ बरायटा (चकाकीचा लेप असलेला फोटो कागद) घ्या. काका हे स्वतःहून समजावतात (पेठेत हे नवलच).

आता तक्रारी. प्रिंट नीट वाळायच्या आतच गुंडाळून दिले, एकावर ओरखडा आला, बदलून दिला पण तोंड वाकडं करून. दुपारी १ ते ४ बंद, पार्किंगचं नावच काढू नका. फाइल पेनड्राइव्हवरच न्या, व्हॉट्सॲपवरची घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, तिथे फोटोचा दर्जा घसरतो. रेट जास्त आहेत, घासाघीस केलीत तर चार शब्द ऐकून घ्याल.