हिवाळ्यात मिलफर्डच्या वाटेवर भाड्याची कॅम्परव्हॅन
न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, आम्ही पती-पत्नींनी क्वीन्सटाउनहून कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली. टे आनाऊ या गावी बाहेरचे पाणी गोठले असतानाही डिझेलवरचा हीटर रात्रभर बिनतक्रार चालला आणि पहाटेचा चहा आत बसून निवांत घेता आला, हे या गाडीचे मोठे श्रेय. तिथून मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीपर्यंतचा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता, विशेषतः १.२ किलोमीटर लांबीच्या होमर बोगद्याआधीचे हिमाच्छादित कडे, डोळ्यांचे पारणे फेडतात. मात्र हिमस्खलनाच्या धोक्यामुळे हा रस्ता अचानक बंद होऊ शकतो आणि मे ते नोव्हेंबर या काळात बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना बसवायच्या साखळ्या सोबत बाळगाव्या लागतात. कंपनीने साखळ्या दिल्या, परंतु त्या बसवून दाखवल्या नाहीत, ही मला गंभीर उणीव वाटते.